उपवासाच्या कोऱ्या ओळी

पासली, १२ फेब्रुवारी

प्रेरणा,

तुझ्या मोबाईलवर माझा फोन लागत नाही. आधी वाटलं, आपल्या डोंगरात रेंज नसते, त्यामुळं असेल. मग वेल्ह्याला जाऊन स्टँडवरनं लावून पाहिला. तिथंही तेच. शेवटी जीपवाला ज्ञानू म्हणाला, "नाना, तिनं तुमचा नंबर ब्लॉक केलाय. कितीबी लावा, लागायचा न्हाई." जीपवाल्याला कळलं आणि बापाला कळलं नाही. म्हणून हे पत्र. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव 'सावळाराम गिरणीवाले' असं मुद्दाम ठळक लिहिलंय. फाडायचं असेल तर न उघडता फाड, तुझ्या सासरी सगळ्या किकवीला दाखवत बसू नकोस.

तुझी आई जाऊन सव्वीस दिवस झाले. तेराव्याला तू जेवली नाहीस. ताट तसंच सारलंस आणि अंगणात सगळी भावकी बसलेली असताना म्हणालीस, "नाना, तुम्ही आईला गोड घालून घालून मारलंत." मग पिशवी उचलून जीपमध्ये जाऊन बसलीस. जावईबापूंनी लांबून तरी हात जोडले. तू मान वळवली नाहीस.

मला राग आला होता, अजून आहे. पस्तीस वर्षं भाताची गिरणी चालवतोय, या खोऱ्यात माझ्यापुढं कुणी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो ते तुझ्या शब्दाला मान दिला म्हणून नव्हे. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याची मला भीती वाटली.

तिला आंघोळ घालताना तिच्या मुठीत तीळ चिकटलेले तुला दिसले. लाडवाचे कण. तू ते शेजारच्या फुलाबाईला दाखवलेस, फुलाबाईनं सगळ्या बायकांना सांगितलं. आता गावभर एकच बोलणं आहे की चंद्राबाई लाडवापायी गेली, शुगर असताना जीभ आवरता आली नाही. चावडीवर कुणी माझ्यापुढं असं म्हणालं की मी पण मान हलवतो.

घरी बरं चाललंय. फुलाबाई शेजारधर्म म्हणून सकाळी दोन भाकरी आणून देते. संध्याकाळी मी भात टाकतो. तू गणपतीत येऊन माजघराच्या भिंतीला चिकटवून गेलेला कागद अजून तसाच आहे. वरच्या ओळी दिसतात. भात दोन मुठी, त्याहून जास्त नाही. आधी भाजी आणि डाळ, मग भाकरी. भाकरी नाचणीची. चहात साखर नाही, गूळ म्हणजेसुद्धा साखरच. तांदूळ कमी पॉलिशचा. ती ओळ तू मला चिडवायलाच लिहिलीस हे मला ठाऊक आहे. त्याखालचं काही दिसत नाही. घरचा इंद्रायणी भरडून आणला, त्याची पोती भिंतीला लावून ठेवलीत, छातीएवढी थप्पी आहे.

लाइट आली. गिरणीवर माणसं थांबलीत.

नाना


पासली, १८ मार्च

प्रेरणा,

उत्तर नाही. हरकत नाही. तुझ्या वयाचा असताना मी पण आमच्या आबांशी वर्षभर बोललो नव्हतो, एका बैलावरनं.

तू तिच्यासाठी आणलेली वही सापडली. फडताळात, हळदीच्या डब्याखाली. तू म्हणाली होतीस, आई रोज काय खाते ते सगळं लिहायचं, घासन्‌घास, महिन्याला ती वही डॉक्टरांना दाखवायची. तिला लिहिता येत नव्हतं, मग काम माझ्याकडं आलं. सुरुवातीला मी चेष्टाच केली. म्हणालो, "आता ही शिंकली तरी लिवायचं का?" ती म्हणाली, "लिवा की. तेवढंच माजं नाव कागदावर यील."

आम्ही दोघांनी तुला फसवलं, तेही सांगून टाकतो. साखर बंद म्हणजे गूळ चालू, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. नंतर तुझा कागद आला, मग गूळ थांबवला. चहाबरोबरची बिस्किटं थांबवायला आणखी महिना गेला. पण भाकरी नाचणीची झाली. भात पण ती माझ्या पातेल्यातला दोन मुठी घ्यायची, जास्त नाही. तिनं मनापासून केलं, प्रेरणा. नाचणी तिला नवी नव्हती. माहेरी उतारावरची नाचणी खाऊनच वाढली होती ती. लग्न होऊन आली आणि माझ्या गिरणीच्या पांढऱ्या तांदळावर पोसली. कोंडा आम्ही म्हशीला घालायचो. तू एकदा म्हणालीस, "नाना, माणसाला लागतं ते तुम्ही म्हशीला घालता." मी हसलो होतो. म्हशीला खरंच कधी काही झालं नाही.

ती वही मी काल पहिल्यापासून वाचली. अक्षर चांगलं आहे माझं. भाकरी एक, मेथी, आमटी, भात दोन मुठी. असं चार दिवस. मग एक ओळ, 'सोमवार, उपवास.' बस, पुढं कोरं. गुरुवार, उपवास. दोन एकादशा, एक संकष्टी. महिन्यातले दहा-अकरा दिवस कोरे.

तुला ठाऊकच आहे त्या कोऱ्या दिवसांत काय असायचं. सकाळी परातभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात, दोन-तीन रताळी, केळी, संध्याकाळी गोड दूध. मी लबाडी केली नाही. उपवासाचं खाल्लेलं जेवणात धरतं का कुणी? आपल्यात उपवास म्हणजे जेवली नाही. मला वाटलं, मी खरं तेच लिहितोय.

वेल्ह्याच्या डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, "बाई इतकं मोजून खातात, आठवड्यातनं दोन दिवस तर उपाशीच असतात, तरी शुगर एवढी कशी?" आणि एका गोळीच्या दोन केल्या. वही नीटनेटकी ठेवली म्हणून मला शाबासकी दिली. मी ती गावात चार जणांना सांगितली.

दिवाळीच्या तोंडावरच्या एकादशीला तू न कळवता आलीस आणि ताटातला साबुदाणा पाहिलास. आठवतंय ना? ही वही खोटी आहे, असं म्हणालीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, भाताच्याही वरताण, हे तुमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात शिकून आलीस ते सांगत होतीस. मला ऐकू येत होतं फक्त 'खोटी'. पोरगी रोग्यांची ताटं भरायला काय लागली, बापाला खोटं ठरवायला लागली. मी वही भिंतीवर फेकली. तरी तू जाताना दारातनं म्हणालीस, "डॉक्टरांना सांगा नाना, उपवासाला काय खाते ते. गोळी या वहीवरनं ठरलीय."

मी सांगितलं नाही. शाबासकी मिळालेली वही खोटी होती, असं सांगायला कोण जाणार?

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू त्यानंतर आली नाहीस. भात कापताना तिच्या अंगठ्याला ठेच लागली. जखम भरेना. नख काळं पडलं, मग अंगठा. भोरला नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, नंतर पाऊलही. परत येताना जीपमध्ये ती सारखी पायाकडं बघत होती. तुला सांगू नको असं मीच तिला बजावलं. फोनवर तुझ्याशी बोलायची तेव्हा मी समोर बसलेलो असायचो.

त्या दिवसापासनं मी बदललो. घरातली साखर, गूळ, तू दिवाळीला आणलेल्या खजुराचं पाकीट, सगळं ट्रंकेत घातलं आणि कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. तुझा कागद दिसत होता तेवढा पाठ केला. तू म्हणतेस मी तुझं ऐकलं नाही. मी ऐकलं. फार ऐकलं.

आज एवढंच लिहवतंय.

नाना


पासली, २६ एप्रिल

प्रेरणा,

एक बातमी कळवायची म्हणून लिहितोय. फुलाबाई मरता मरता वाचली.

तिलाही शुगर निघालीय, पौषापासनं गोळी चालू आहे. परवा एकादशी होती. दुपारी चारच्या सुमाराला तिच्या घरातनं भांडी पडल्याचा आवाज आला. मी गेलो तर ती चुलीपाशी बसलेली, अंगावरचं लुगडं घामानं ओलंचिंब. हात असे थरथरत होते की हातातला पेला वाजत होता. मला म्हणाली, "तू कोन रं? जा हितनं." मला! चाळीस वर्षांचा शेजार. जवळ गेलो तर तिनं फुंकणी उगारली.

नशीब, आशाताई माधुरी लसीकरणाची यादी घेऊन गावात आली होती. तिनं फुलाबाईला एकदा पाहिलं आणि ओरडली, "साखर आणा! पटकन, साखर!" फुलाबाईच्या घरात साखर नव्हती. चंद्राबाई गोडानं गेली ऐकून तिनं साखरेचा डबाच सुनेच्या माहेरी पाठवून दिला होता.

माझ्या घरात होती. मी पळालो. साठी उलटल्यावर माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ट्रंकेपाशी बसलो तर करदोट्याची गाठ सुटेना, किल्ली बोटांत येईना. शेवटी विळ्यानं करदोटा कापला. माधुरीनं चार चमचे साखर पेलाभर पाण्यात ढवळली, फुलाबाईला टेकून बसवलं आणि घोट घोट पाजली.

दहा मिनिटं. मी समोरच्या घड्याळात बघत होतो. दहा मिनिटांनी फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला काय झालं व्हतं गं? समदी का गोळा झालाय? चा तरी टाका कुनीतरी." सगळे हसले. तिची सून हसता हसता रडायला लागली.

माधुरीनं तिला विचारलं, सकाळपासनं काय खाल्लं? फुलाबाई म्हणाली, "कायबी न्हाई. चंद्राबाईचं बघून म्या लई भ्याले बाई. साबुदाना सोडला, रताळं सोडलं. गोळी तेवढी घेतली, ती चुकवायची न्हाई म्हनून."

माधुरीनं तिथंच सगळ्या बायकांना समजावलं की गोळी घ्यायची आणि पोटात काही घालायचं नाही, असं केलं की शुगर खाली कोसळते. जास्त होण्यापेक्षा ते लवकर मारतं. अशा वेळी साखर हेच औषध. मग ती माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "नाना, काकूंना असंच झालं व्हतं का? घाम, थरथर?"

मी उत्तर दिलं आणि घरी आलो. करदोटा नवा आणायला हवा.

नाना


पासली, १४ मे

प्रेरणा,

ज्ञानूनं तुझा निरोप सांगितला. चेलाडीच्या फाट्यावर तू एसटीची वाट बघत उभी होतीस, त्याला पाहून रस्ता ओलांडून आलीस आणि म्हणालीस, "नानांना एवढंच विचारा, लाडू घरात आला कुठनं?"

चार महिन्यांत हा तुझा पहिला शब्द. तू पत्रं वाचतेस एवढं तरी कळलं. मला बरं वाटलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

लाडवाचं सांगतो, पण आधी दुसरं सांगितलं पाहिजे. तांदूळ संपत आला. थप्पीतली पोती विकत आणि खात तीन राहिली होती. परवा ती तिन्ही ओढून बाजूला केली. झाडायला म्हणून, असं स्वतःला सांगत होतो. फुलाबाईच्या घरनं आल्यापासनं त्या भिंतीकडं माझी नजर जात होती आणि हात जात नव्हते.

तुझ्या कागदाचा खालचा अर्धा भाग दिसला. तू तो चिकटवलास तेव्हा मी रागानं वाचलाच नव्हता. अंगठा काळा पडल्यावर वाचायला गेलो तोवर पुढं पोती आली होती. दिसलं तेवढं मी पाठ केलं. बाकीचं वाचायला चार पोती हलवावी लागली असती. गिरणीवर रोज तीस-तीस पोती उचलणारा माणूस मी.

लाल पेनानं, खाली दोन रेघा मारून तू लिहिलंयस: 'अचानक घाम, थरथर, बडबड किंवा चिडचिड झाली तर शुगर कमी झाली असं समजा. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. वाट बघू नका. साखर नेहमी हाताशी ठेवा. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.'

साखर नेहमी हाताशी ठेवा, हे तुझ्या हातचं अक्षर आहे. मी कागदापुढं जमिनीवर बसलो आणि संध्याकाळी म्हैस ओरडायला लागली तेव्हा उठलो.

लाडवाचं पुढच्या पत्रात लिहितो. पळ काढत नाही, एवढा विश्वास ठेव.

नाना


पासली, ३० मे

प्रेरणा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा फाडणार नाही, कारण मंगळवारी माधुरीनं समाजमंदिरात शुगरच्या सगळ्या माणसांना बोलावलंय आणि तिथं मी उभा राहून बोलणार आहे. गावाच्या आधी तुला कळलं पाहिजे.

माधुरीनं मला विचारलं होतं, काकूंना असंच झालं होतं का. मी 'न्हाई' म्हणालो. तिच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो.

सतरा जानेवारी, संक्रांतीनंतरची संकष्टी. ही संकष्टी तिनं तुझ्यासाठी धरलेली होती, लग्नानंतर आठ वर्षांनी तू झालीस तेव्हापासनं. बाकीचे उपवास मी सोडायला लावले असते तर तिनं सोडले असते, हा नाही. मी पण म्हणालो नाही. उलट मला आवडलं. अंगठ्याच्या भीतीनं साबुदाणा, वरई, रताळं, दूध सगळं मी बंद केलं होतं, मग उपवासाला उरलं काय? बिनसाखरेचा चहा. मी तिला म्हणायचो, "आता तुजा उपास खरा. इतकी वर्सं देवाला फसवत व्हतीस." ती हसायची.

गोळ्या मात्र अजून दोन चालू होत्या. साबुदाणा मी वहीत लिहिला नाही म्हणून वाढलेल्या. साबुदाणा गेला आणि गोळ्या तशाच राहिल्या. हे मला आता समजतंय, तुझ्या कागदामुळं आणि फुलाबाईमुळं. तेव्हा मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिच्या तळव्यावर गोळी ठेवायचो, पाणी द्यायचो, गिळली का ते बघायचो.

डिसेंबरात दोन-तीनदा तिला घाम सुटला होता. थंडीत. "जीव कसनुसा व्हतोय," म्हणायची. मी म्हणायचो, सवय सुटताना असं होतं, दारू सोडणाऱ्याला होतं तसं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं.

त्या दिवशी चार वाजता ती गोठ्यातनं आली. चोळी ओली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अवं, चमचाभर साखर द्या की. हातपाय गळाल्यात माजं." मी म्हणालो, "चंद्रोदयापातुर दम न्हाई व्हय?" ती म्हणाली, "म्या कदी काय मागितलंय का तुमाला? द्या." मी करदोट्यावर हात ठेवला. द्यायला नव्हे. ती हिसकावेल म्हणून.

मग ती मला शिव्या द्यायला लागली. चौतीस वर्षांत कधी दिली नव्हती. जीभ जड झाली होती, अर्धे शब्द कळत नव्हते. मला वाटलं, साखरेसाठी बाई काय थराला गेली. तुझं बोलणं आठवलं, "आई लाडीगोडी लावेल, तुम्ही विरघळू नका." मी विरघळलो नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, प्रेरणा. कधी नव्हे तो तुझा शब्द पाळत होतो.

ती भिंतीला धरत धरत माजघरात गेली. लाडू घरात आला कुठनं, तर फुलाबाईच्या हळदीकुंकवातनं. एकच लाडू तिनं पोत्यांच्या फटीत, कागदात गुंडाळून ठेवला होता. तुझ्यासाठी. संक्रांतीला तू आली नाहीस, रागात होतीस, कधीतरी येशील तेव्हा तिळगूळ द्यायला. हे मला फुलाबाईनं गेल्या आठवड्यात सांगितलं. "माज्या पोरीला ठिवते," म्हणाली होती म्हणे.

तो तिनं काढला. हात थरथरत होते, तोंडापर्यंत जाईना. मी पाहिलं आणि तिची मूठ धरली. बोटं एक एक करून उघडली. ताकद राहिली नव्हती तिच्यात, लहान पोराची उघडावीत तशी उघडली. लाडू काढला आणि म्हशीच्या पुढ्यात टाकला. मुठीत तेवढे तीळ राहिले. तू पाहिलेस ते.

ती पोत्यांना टेकून खाली बसली. ज्या भिंतीवर तुझी ती लाल ओळ होती, तिथंच. डोळे मिटले. मी म्हणालो, "रुस आता." आणि लाइट आली होती म्हणून गिरणीवर गेलो. दोन तास भात भरडला. त्या दिवशी तांदूळ चांगला पांढरा निघाला होता, हे सुद्धा आठवतंय.

सहाला आलो तर ती तशीच. अंग गार. श्वास होता की नव्हता, मला सांगता येत नाही. ज्ञानूनं जीप जोरात काढली, वेल्ह्याच्या अलीकडं पुलापाशी म्हणाला, "नाना, काकी गेल्या." दवाखान्यात काही तपासलं नाही. शुगर होती का, विचारलं. मी होय म्हणालो. त्यांनी शुगरनं गेली असं लिहिलं.

मग तू ते तीळ पाहिलेस, आणि सगळ्यांना कळलं की चंद्राबाई लाडू खाऊन मेली. मी गप्प राहिलो. तू भावकीसमोर मला म्हणालीस, गोड घालून मारलंत, तेव्हा खरं सांगू? आतनं सुटल्यासारखं वाटलं. बाप लाड करून चुकला, असं तुला वाटत होतं. ते मला चालण्यासारखं होतं. तिच्या नावावर हावरेपणा लागत होता, तो मी लागू दिला. फुलाबाई त्याच भीतीनं उपाशी राहून मरणार होती, तरी माधुरीला 'न्हाई' म्हणालो.

तुझ्या आईनं काहीही खाल्लं नाही. हे तुला माहीत पाहिजे. तिनं शेवटचे दोन महिने एक दाणा साखर खाल्ली नाही, आणि शेवटच्या दिवशी तिच्या अंगाला काय हवंय ते तिला बरोबर कळलं होतं. माझ्याहून जास्त, आणि त्या वहीहून जास्त.

तुझं काही चुकलं नाही. तू जे लिहायचं ते लिहिलं होतंस, लाल अक्षरात. हे पत्र वाचून तू स्वतःला दोष देत बसशील म्हणूनच मी घाबरत होतो, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं. मी माझ्यासाठी घाबरत होतो.

माझा नंबर उघड, असं म्हणत नाही. एकच मागतो. तुमच्या हॉस्पिटलात ताटं भरताना, गोळी खाणारा कुणी 'आज उपवास' म्हणाला तर पुढं जाऊ नकोस. थांब, आणि विचार, उपवास म्हणजे काय खातोस. तो हसेल. तरी विचार.

सोबत वही पाठवतोय. कोरे दिवस मी आठवून आठवून भरलेत. खिचडी किती, रताळी किती, दुधात साखर किती. फुलाबाईला विचारलं, स्वतः परातीत साबुदाणा काढून मापून पाहिला. दोन-चार दिवस आठवले नाहीत, तिथं 'आठवत नाही' असं लिहिलंय. नोव्हेंबरापुढच्या उपवासांना लिहायला फारसं नव्हतं. शेवटच्या पानावर एकच दिवस आहे. तो तू बघावास म्हणून इथंही उतरवतो.

१७ जानेवारी. संकष्टी.
सकाळी: गोळी. चहा, बिनसाखरेचा.
दुपारी: गोळी. खायला काही नाही.
चार वाजता: साखर मागितली. घरात होती. दिली नाही.